दोन बोटं जागा

खुर्ची दारातून गेली, वन्संचे हात गेले नाहीत. चाकांवरची त्यांची बोटं दोन्हीकडून चौकटीला घासली आणि खुर्ची तिथेच थांबली. त्यांनी हात मांडीवर घेतले, पदराखाली झाकले आणि मागे उभ्या असलेल्या भावाला म्हणाल्या, "छान झालंय, दादा."

मी स्वयंपाकघरातून बघत होते. नणंदेचं खोटं मला चटकन कळतं, एका घरात पस्तीस वर्षं काढलीत आम्ही. आमचे हे सुतार. कामात सूतभर फरक सापडला तर मिशी उतरवीन, असं सांगत आयुष्यभर फिरले. त्या दिवशी मिशी कशीबशी वाचली होती, एवढंच.

वन्संचे पाय चौथ्या वर्षी तापात गेले. सातव्या वर्षी सासऱ्यांनी त्यांना पहिल्या कुबड्या करून दिल्या. कुबडीचं माप काखेवरून घेतात. म्हणून त्यांनी पोरीला खोलीच्या चौकटीला टेकवून उभं धरलं, काखेखाली दोन बोटं जागा सोडली आणि पेन्सिलीने रेघ मारली. ती जागा सोडली नाही तर कुबडी काखेत रुतते, हात बधिर होतात. पुढे दरवर्षी रेघ वर सरकली. सासरे गेले आणि पेन्सिल ह्यांच्या कानावर आली.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी घराला रंग दिला. चौकटीच्या उजव्या बाजूचा वीतभर पट्टा तेवढा कोरा ठेवलेला. मी आपली नव्या सुनेच्या उत्साहात ब्रश घेऊन गेले, तर कधी आवाज न चढवणारे हे अंगावर खेकसले. मी दोन दिवस अबोला धरला. खरं सांगायचं तर मला त्या पट्ट्याचा हेवा वाटला होता. माझं माप इतक्या जिवापाड कुणी घेतलं नव्हतं.

वन्सं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. बसच्या पायऱ्या चढून गेल्या, उतरून आल्या, कुणाकडे तांब्याभर पाणी मागितलं नाही. पायांचं काम खांद्यांनी केलं आणि आता खांदेही थकले. कुबड्या बंद, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. घरातल्या घरात चाकं हळू फिरवलीत तर चालेल, म्हणाले. मी म्हटलं, मी आहे की ढकलायला.

"तुम्ही ढकलाल हो, वहिनी. पण माझ्या खोलीत मला माझी मी जायचंय."

दार अरुंद होतं. ह्यांनी काम हातात घेतलं आणि चार दिवसांचं काम पंधरा दिवस पुरवलं. डावीकडची भिंत कोपऱ्याच्या खांबापर्यंत फोडली, चौकटीची ती बाजू सरकवली. उजवीला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, पुरेल, खुर्ची जाते. मीही पुढे बोलले नाही. माझंही चुकलंच.

आता ह्यांनी पुढे होऊन बहिणीचा हात पदराखालून बाहेर काढला. दोन बोटांची सालटी निघाली होती. पन्नास वर्षं काखेखाली दोन बोटं सोडणारा हा माणूस, आणि हातांना मात्र जागाच ठेवली नव्हती.

"मी खुर्चीचं माप घेतलं," हे म्हणाले. "हातांचं राहिलं."

"मापात तू चुकत नाहीस, दादा. तुला ती बाजू काढायची नव्हती."

ह्यांनी उजव्या बाजूच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग खाली बघत म्हणाले, "ती काढली म्हणजे तू परत उभी राहणार नाहीस, हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं, चिमे."

"नाहीच राहणार मी. तू एकदा कबूल कर, म्हणजे मला खोलीत जाता येईल."

ह्यांनी मान हलवली आणि हत्यारांची पेटी ओढली. मी नळ सोडून भांडी घासायला घेतली. सगळी घासलेलीच होती.

"थांब," वन्सं म्हणाल्या. "आधी माप घे."

त्यांनी खुर्ची चौकटीजवळ नेली आणि हात जरासा उचलला. ह्यांनी कानावरची पेन्सिल काढली. आजवर हे माप उभ्याने घेतलं होतं, आज गुडघे टेकावे लागले. सवयीने त्यांनी बहिणीच्या काखेखाली दोन बोटं धरली. आता कुबडी कुठलीच करायची नव्हती. तरी बोटं धरली, आणि वन्संही लहानपणापासूनच्या सवयीने ताठ बसून राहिल्या. रेघ मारून झाली. सासऱ्यांनी मारलेल्या सर्वांत पहिल्या रेघेच्या ती सूतभर खालीच आली.

दोघांनीही ते पाहिलं. मग ह्यांनी ती बाजू काढायला पटाशी उचलली, आणि वन्संनी खुर्ची मागे घेऊन त्यांना जागा करून दिली.