गाठीची पिशवी

आम्ही दोघी जावा पिशव्या शिवायच्या कारखान्यात होतो. थोरली कापड कापायला, मी मशीनवर. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, तयार माल तपासायचे. शिवताना दोरा अडकून गोळा झाला की त्या नगाला तिथे 'गाठीची पिशवी' म्हणत. भाऊजींची सही घेऊन ती बाजूला काढायची. पन्नास वर्षं होत आली, पण तो शब्द माझ्या कानातून जात नाही.

थोरलीला बारा वर्षांत मूल नव्हतं. दोनदा दिवस राहिले, दोनदा पोट पडलं. सासूबाई तोंडाने काही बोलत नसत, फक्त शेजारणीच्या नातवाला तिच्यासमोर मांडीवर घेऊन बसत. थोरली माझ्या कानाशी येऊन म्हणायची, "मला टोचायचं त्यांना एकटीला फार काम पडतं गं. एखादी नणंद हवी होती मदतीला." अशी होती ती.

मग तिची पाळी बिघडली. दहा-दहा दिवस अंगावरून जायचं. कापणीच्या टेबलाखालच्या चिंध्या ती गुपचूप घरी न्यायची. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. मी दवाखान्याचं काढलं की म्हणायची, होईल बंद. दुखणं अंगावर काढणं आमच्या हाडातच होतं, पण तिचं कारण निराळं होतं. एकदा मोरीत तिने माझा हात धरून आपल्या ओटीपोटावर ठेवला. पोट वाढलं होतं, टणक लागत होतं.

"दिवस असले तरी काहींना पाळी येते," ती म्हणाली. "माझ्या आत्याला यायची."

मी मान डोलावली. मलाही ते खरं हवं होतं.

एका सकाळी ती टेबलापाशीच कोसळली. भाऊजी माल पोचवायला बाहेर गेले होते. बाकीच्यांना ती साधी चक्कर वाटली. मी आणि आणखी एका बाईने तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. हे गर्भाशय, उलट्या धरलेल्या पेरूसारखं, एरवी मुठीत मावेल एवढं. दोन्ही बाजूंना दोन नळ्या, त्यांच्या टोकाशी बदामाएवढे बीजकोश. हिच्या गर्भाशयाच्या भिंतीत गाठी झाल्यात, म्हणून पोट पाच महिन्यांचं दिसतंय. वेळेवर आली असती तर नुसत्या गाठी काढता आल्या असत्या. आता रक्त थांबत नाही, सगळी पिशवीच काढावी लागेल. नवऱ्याला बोलवा, सही लागेल, रक्तही लागेल.

थोरलीने चित्राकडे पाहिलंच नाही. "ह्यांना येऊ दे," एवढंच म्हणाली. "तोवर मला कोणी हात लावायचा नाही."

फोन बोळात भिंतीला होता. समोर बाकावर सात-आठ पुरुष बसलेले. मी तोंडाला पदर लावून कारखान्यात फोन केला. मुकादमाने उचलला, मागे मशीनींचा खडखडाट. भाऊजी आलेत का विचारलं, तर आत्ताच आले म्हणाला. मी हळूच सांगितलं की पिशवी काढायची आहे, भाऊजींची सही लागते, लगेच हवी. त्याने विचारलं, का, काय झालं पिशवीला? मी म्हटलं, गाठी निघाल्यात. बरं, बघतो, म्हणून त्याने फोन ठेवला.

तास गेला. दुसरा गेला. नर्सने दोनदा चादर बदलली. थोरलीचे ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते. डॉक्टरीणबाई तिची समजूत घालून थकल्या, मी पाया पडून थकले. ती दाराकडेच बघत होती.

'काय झालं पिशवीला' हा मुकादमाचा प्रश्न आठवला आणि मी पुन्हा बोळात गेले. या वेळी पदर लावला नाही.

"मुकादम, मी बाईच्या पोटातल्या पिशवीचं सांगत होते. गर्भाशय. थोरलीचं गर्भाशय काढायचंय. नाहीतर ती मरेल."

बाकावरच्या पुरुषांनी माना खाली घातल्या. मग मुकादम म्हणाला, "अहो, मला वाटलं माल नेला तिथून कुणी बोलतंय. मी त्याला गठ्ठे सोडून गाठीच्या पिशव्या निवडायला बसवलंय."

भाऊजी आले ते शर्टाला दोरे चिकटलेले, घामाघूम. सही केली, रक्त दिलं. एका माणसाच्या रक्ताने भागण्यासारखं राहिलं नव्हतं. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई ट्रे घेऊन दारात आल्या, नातेवाइकांना दाखवायची पद्धत होती. भाऊजींनी तोंड फिरवलं. मी पाहिलं. नारळाएवढा गोळा, आणि त्याला बटाट्यासारखे उंचवटे.

संध्याकाळी थोरलीने डोळे उघडले. भाऊजी औषध आणायला गेले होते.

"धाकटे, तू पाहिलीस?"

"हो."

"आत होतं का कुणी?"

मी तिचा हात धरला. "नाही ताई. गाठीच होत्या."

तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "ह्यांनी विचारलं तर होतं म्हणून सांग. एवढं कर माझ्यासाठी."

मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

भाऊजी त्यानंतर अकरा वर्षं जगले. एकाच घरात राहत होतो, रोज त्यांना ताट वाढत होते. त्यांनी मला कधी विचारलंच नाही.