बाईंचा उजवा हात आणि माझ्या हातोड्या

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. भिंतीला टेकून उभा राहणारा नव्हे, तीन पायांवर ऐसपैस पसरलेला मोठा पियानो. माझ्या पोटात अठ्ठ्याऐंशी हातोड्या आहेत. प्रत्येकीच्या डोक्यावर लोकरीचा घट्ट नमदा. तुम्ही पट्टी दाबलीत की आतली हातोडी उडी घेते, तारांवर टोला देते आणि खाली येते. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. तिन्हींवर एकदम टोला बसला, तरच सूर भरून येतो. हे सगळं आत अंधारात चालतं, त्यामुळे मी स्वतःही ते कधी पाहिलं नव्हतं.

चाळीस वर्षं मी एका संगीतशिक्षिकेच्या घरी आहे. सगळे त्यांना बाई म्हणतात. कोणी माझं कौतुक केलं की त्या म्हणायच्या, "त्याला फार चढवू नका, आधीच अवजड आहे तो."

गेल्या वर्षी बाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जिना चढणं बंद झालं. त्यांच्या भाचीने पलंग खाली माझ्या खोलीत आणला, मला ढकलून कोपऱ्यात सरकवलं आणि मावशीला थंडी वाजू नये म्हणून हीटर लावला. तो नेमका माझ्या उजव्या कुशीखाली आला. सात-आठ महिने तो तापत राहिला. माझं लाकूड सुकलं, आतले स्क्रू सैल पडले आणि त्या बाजूच्या हातोड्या तिरक्या होत गेल्या. पण ज्या उबेने बाई बऱ्या होत होत्या, तिच्याविरुद्ध मी काय तक्रार करणार?

बाई पुन्हा माझ्यापुढे बसल्या, तेव्हा डाव्या हाताचे सूर नीट आले. उजव्या हाताखाली मात्र एक सूर फाटका निघाला, दुसऱ्या पट्टीतून तर दोन सूर एकदम आले. बाईंनी उजवा हात डाव्या हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. महिनाभर त्या रोज बसल्या. मग एका सकाळी भाचीला म्हणाल्या, "पियानो शाळेला देऊन टाकू. माझा हात गेला."

"मावशी, पियानोच बिघडला असेल तर?"

"नाचता येईना अंगण वाकडं, असलं काही मला बोलायला लावू नकोस."

शाळेला द्यायचा तर नीट करून द्यावा, असं म्हणून भाचीने एका कारागिराला बोलावलं आणि बाईंचं अंगणाचं बोलणंही त्याच्या कानावर घातलं. जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. त्याने एकेक पट्टी दाबून ऐकली, पुढची फळी काढली आणि माझ्या पोटातला सगळा सांगाडा ओढून टेबलावर ठेवला. खिडकीच्या उजेडात अठ्ठ्याऐंशी हातोड्या ओळीने उभ्या राहिल्या. इतकं बारीक, इतकं नाजूक काही आपल्या आत आहे, हे पाहून मी थक्क झालो. बाई हळूहळू चालत जवळ आल्या. "चाळीस वर्षं वाजवतेय," त्या म्हणाल्या, "आणि आज बघतेय."

कारागिराने एक पट्टी सावकाश दाबली. हातोडी वर चढता चढता बाजूला कलली. "ही दोनच तारांना लागते बाई, तिसरी गप्प राहते. आणि ही पलीकडची शेजारच्या सुराच्या तारेला शिवते, म्हणून दोन सूर येतात."

"म्हणजे माझा हात..."

"हातातलं मला कळत नाही. पण अंगण खरंच वाकडं आहे."

भाचीचं लक्ष हीटरकडे गेलं. "मीच लावला होता तो."

"त्यानेच मी उठून बसले," बाई म्हणाल्या. "उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

तीन दिवस काम चाललं. जी हातोडी तिरकी चढे, तिच्या बुडाशी तो कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ कागदाची पट्टी चिकटवी. जिचं डोकं कललेलं, तिच्या दांडीखाली स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर धरी आणि दोन बोटांनी हलकेच पीळ देई. लाकूड जळेल म्हणून मी धास्तावलो होतो, पण साधा डागही पडला नाही. शेवटी त्याने प्रत्येक हातोडी तिच्या तिच्या तारांखाली आणून स्क्रू आवळले. एवढ्याशा कागदाने माझा हरवलेला आवाज परत यावा, याचं नवल मला अजून वाटतं.

"बसा," तो बाईंना म्हणाला.

बाईंनी उजव्या हाताने सुरुवात केली. सूर गोल, भरलेले निघाले. मग एका ठिकाणी त्यांची करंगळी घसरली आणि भलताच सूर वाजला. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"ही चूक माझी," त्या म्हणाल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या. "हिचं मी बघून घेईन."

मित्रांनो, मी शाळेत गेलो नाही. हीटर दुसऱ्या भिंतीशी गेला, आणि कारागीर आता वर्षातून एकदा येऊन मला उघडून बघतो. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू बेसूर बोलू लागली, तर तिला टाकण्याआधी आणि स्वतःला दोष देण्याआधी तिच्या आत एकदा डोकावून बघा. बाईंची करंगळी अजूनही अडखळते. तेव्हा तो चुकलेला सूरसुद्धा मी तिन्ही तारांनी, अगदी भरून वाजवतो.