लाल ठिपका

देवेशने दाढीचं ब्लेड मधोमध मोडलं आणि अर्धा तुकडा बॅटरीच्या शिवणीत घातला. बॅटरी जुनी, पोटात फुगलेली होती. कडकन आवाज झाला आणि टोपण वर आलं. आत नखाएवढी हिरवी पट्टी होती, तिच्यावर मुंगीएवढा काळा चौकोन, आणि त्या चौकोनाला बारीक पाय.

"पाचवो पाय," त्याच्या बहिणीने, दिव्याने, हातातल्या कागदावर बोट ठेवून सांगितलं. "तोच तोडूचो. बाजूच्याक ब्लेड लागता नये."

"खंयसून पाचवो?"

"चित्रात दाखवलानी तसो. थांब, उलटो धर."

घरापुढच्या खळ्याच्या दुसऱ्या टोकाला नाना जाळं सांधत बसले होते. गुडघे गेल्यापासून त्यांचं समुद्रावर जाणं सुटलं होतं. पण हातातली सुई सुटली नव्हती, आणि तोंड तर मुळीच नाही.

"मुंगयेचे पाय तोडतास," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात एवढाच काय ता रवला होता."

दिव्या हसली. देवेश हसला नाही. तो नानांच्या धाकट्या भावाचा मुलगा. बाप गेल्यावर होडी त्याच्याकडे आली, आणि होडीबरोबर नानाही आले.

समोरच्या पाटावर तो काळा डबा उताणा पडला होता. तळहातात मावेल, मधोमध काच, दोन्ही बाजूंना बटणं. मुळात पोरांना खेळायला केलेली वस्तू. बोटीवर नोकरीला असलेल्या एका मित्राकडून देवेशने तो घेतला होता, आणि वर खोचायचा काजूच्या बोंडाएवढा एक तुकडाही आणला होता, आकाशातून जागा पकडणारा. कंपनीने डब्याला कुलूप घालून दिलं होतं: आम्ही देऊ तेच खेळ खेळा. कुठल्या कुठल्या देशांतल्या कोणी रिकामटेकड्यांनी ते कुलूप मोडलं, आपापले प्रोग्रॅम लिहिले आणि फुकट वाटले. त्यातला एक नकाशाचा होता. देवेश दोन हंगाम त्याच्यावर होडी हाकत होता. जाळं भरून आलं की तिथे हिरवा ठिपका ठेवायचा, दुसऱ्या वेळी ठिपक्यावर जायचं. खुणेसाठी डोंगराकडे मान वर करून बघायचं म्हणून नाही.

नानांना त्या सगळ्यांची सारखीच कीव येत होती. कुलूप घालणाऱ्या कंपनीची, कुलूप मोडणाऱ्यांची आणि खेळण्याला विचारून होडी हाकणाऱ्या तांडेलाची.

चतुर्थीला देवेशच्या मामाचा विकी मुंबईहून आला. आरतीला टाळ वाजवायला त्याला हात नव्हते, पण डबा हातातून खाली ठेवला नाही. आपल्याकडचा नवा खेळ त्याने त्यात घातला. खेळ म्हणाला, आधी डब्याचं आतलं सगळं नवीन करून घे. विकीने होय दाबलं. गणपती गेले, विकी गेला, आणि देवेशने नकाशा उघडायला घेतला तर डबा उघडेना. कुलूप नवीन पडलं होतं. ते मोडायची युक्ती दिव्याने कागदावर उतरवून आणली होती: जुन्या बॅटरीचा एक पाय तोडायचा, म्हणजे डबा कुलपाला न विचारता कार्डावरून चालू होतो.

"चाळीस वर्षां होडी हाकलंय," नाना म्हणाले. सुई चालूच होती. "एक खडप विसरलंय नाय. आणि हेका एकदा होय म्हटल्यानी तर सगळा विसरलो. नवीन करून घेतलो म्हणे. नवीन केलेलो माणूस आवशीक वळखता काय?"

"विसरूक नाय तो, नानानू," देवेश मान खाली घालून म्हणाला. "ठिपके कार्डावर आसत. एक गेलो नाय. फक्त दार बंद झाला."

"मगे उघड."

"उघडतंय मां."

त्याने ब्लेड दाबलं. तो पाय तुटला की नुसता वाकला, ते डोळ्यांनी कळत नव्हतं. दिव्याने मालवणातल्या सायबर कॅफेत बसून तयार केलेलं कार्ड डब्यात सरकवलं. देवेशने बॅटरी बसवली. बाजूचा हिरवा दिवा पेटला. काच काळीच राहिली.

तिघंही बघत राहिले. नानाही बघत होते, हे त्यांचं त्यांनाच कळलं तेव्हा त्यांनी सुई पुन्हा चालू केली.

"मेलो," ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात यशोदा येऊन उभी राहिली. देवेशची आई. हात पदराला पुसत तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे.

"झाला नाय?"

"नाय."

"उद्या सकाळी खंय जातलस मगे? चतुर्थीच्या आधीपासून होडी हंय बसली आसा. खलाशी दुसरीकडे जातत म्हणान सांगून गेले काल. उद्या रिकामो इलस तर परवा कोण येवचो नाय तुझ्या होडयेर."

देवेशने डबा उचलून पुन्हा पाटावर ठेवला. आपले ठिपके त्याला डोक्यात धरता येत नव्हते, आणि हे खळ्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

यशोदा नानांकडे वळली. त्यांच्यापुढे ती पदर डोक्यावर घेऊन बोलत असे.

"भावोजी, तांबोशेच्या खडपाची खूण सांगा त्याका. आता तरी."

नानांनी दोरा दातांनी तोडला. तांबोशी मासा मिळायचा तो पाण्याखालचा खडप त्यांच्या आज्याने शोधलेला. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, दुसरीकडच्या दोन वस्तू दुसऱ्या रेषेत, आणि जिथे रेषा एकमेकींना कापतील तिथे नांगर टाकायचा. आज्याने ती खूण त्यांच्या बापाला सांगितली, बापाने नानांना, दोन्ही वेळा होडीत, त्या जागेवर उभं राहून. बापाने मुलाला सांगायची ती गोष्ट. सख्खा भाऊ तीस वर्षं पुढच्या वल्ह्यावर बसला, त्यालाही त्यांनी सांगितली नव्हती. तिथे जायचं झालं की त्याला पाठमोरा बसवत. नानांना मुलगा नव्हता. एक मुलगी, ती वेंगुर्ल्याला दिलेली.

"मागे सांगलेलंय," नाना म्हणाले.

"होय," देवेश म्हणाला. "सांगलेल्यात."

त्या एवढ्या बोलण्यात काही नव्हतं. तरी यशोदेने मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वी तिच्याच विनवणीवरून नानांनी खूण सांगितली होती, आणि देवेश त्या खुणेवरून फाटकं जाळं घेऊन परत आला होता. नानांना जाब विचारायला म्हणून तो आला नाही. खळ्यात जाळं टाकलं, आंघोळ केली, जेवला. महिनाभराने हा डबा घरात आला.

"तेव्हा आयकूक चुकलो असतलो तो," यशोदा म्हणाली. "परत एकदा सांगा. आता वहीत लिवून घेयत."

नानांनी खळ्यातल्या तिघांना एकदा नीट पाहून घेतलं. पोरगा ब्लेडने मुंग्यांचे पाय तोडणारा. पोरगी कागद वाचून समुद्र शिकवणारी. आणि ही, जिला खूण म्हणजे उसनी द्यायची साखर वाटते. हे लोक आज्याच्या खडपावर जाणार. तिथे ठिपका ठेवणार. मग कधीतरी विकी येईल आणि होय दाबेल.

"हाड वही," ते म्हणाले. "लिव."

देवेश आतून वही-पेन घेऊन आला.

"सड्यावरचो एकटो आंबो आणि देवळाचो कळस एका रेषेत घे. तशीच होडी भायर काढ. बेटाच्या शेवटाक धवो दगड आसा. तो आणि त्याच्या मागचो उंच माड एकमेकांक लागले काय थांब."

"आंबो कळसाच्या उजवीकडे काय डावीकडे?"

"रेषेत म्हटलंय मां? उजवी-डावी कशाक व्हयी?"

देवेशने सगळं सावकाश लिहिलं. मग नानांना वाचून दाखवलं, एक शब्द न बदलता. नानांनी मान डोलावली. यशोदेच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"बरा केल्यात भावोजी," ती म्हणाली. "च्या टाकतंय." आणि आत गेली.

दिव्या एवढा वेळ बॅटरी डोळ्यांसमोर धरून बसली होती.

"दादा, हो पाय तुटूक नाय. खालसून चिकटलो आसा. सुई व्हयी."

तिने उठून नानांसमोरच्या सुयांच्या डबीतली गोधडी शिवायची बारीक सुई उचलली. विचारलं नाही. सुईच्या टोकाने तिने तो पाय उचलला, मागे वाकवला आणि बॅटरी परत बसवली. हिरवा दिवा पेटला. काच काळी होती. मग काळी राहिली नाही. पांढरी अक्षरं भराभर वर सरकू लागली.

"चालू झालो!" दिव्या ओरडली. "हात लावू नको. बॅटरी काढू नको. आता मधीच काढलस तर दगड होतलो त्याचो."

पाच मिनिटं अक्षरं सरकत राहिली. कोंबडी पाटावर चढली तिला देवेशने पायाने हाकललं. चहा आला, निवला. अक्षरं थांबली. दिव्याने कार्ड बदललं, चांगली बॅटरी घातली, बोंड वर खोचलं. थोड्या वेळाने काचेवर निळा समुद्र आला आणि त्यावर किनाऱ्याची वाकडी रेघ. आणि ठिपके. मूठभर तांदूळ उधळावेत तसे हिरवे ठिपके.

"सगळे आसत काय बघ," देवेश म्हणाला. "नावां वाच."

दिव्या वाचू लागली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली नावं ती जशीच्या तशी उच्चारत होती.

"बाबांचो दगड. सुरमई एक. सुरमई दोन. फुटको नांगर. शेवाळ." ती थांबली. "ह्यो एक लाल आसा. नाना एक."

सुई जाळ्याच्या डोळ्यात अर्धी गेली आणि तिथेच राहिली.

"तो काय?" नानांनी विचारलं.

देवेशने डब्यावरून नजर काढली नाही. "तुम्ही मागे सांगलेल्यात ती जागा. जाळी थंयच फाटली. दुसऱ्यांदा चुकान थंय जाव नये म्हणान डबो इल्यार ती लाल केलंय."

"आणि लाल खंयचे आसत?"

"एकच."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नानांना बरं वाटलं असतं, रागाला उत्तर त्यांच्याजवळ होतं. वाऱ्याची दिशा सांगावी तसं तो सांगत होता.

देवेशने वही बहिणीपुढे सरकवली.

"ह्या वहीतला पण घाल. नकाशात बघून अंदाजान ठेव. नाव दी, नाना दोन."

"रंग?"

"लाल."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. पोराच्या हनुवटीवर अजून नीट दाढीही नव्हती, त्या ब्लेडचं त्याला घरात दुसरं काम नव्हतं.

"थंय न जाताच?" त्यांनी विचारलं.

"होय."

आत यशोदा चुलीत फुंकणी फुंकत होती. दिव्याने एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं आणि बोट बटणावर तसंच ठेवलं.

नानांनी जाळं मांडीवरून खाली सारलं. भिंतीला हात लावून ते उठले, चार पावलं चालायला त्यांना बराच वेळ लागला. पाटाशी येऊन त्यांनी वही उचलली, पेनासाठी हात पुढे केला. देवेशने दिलं.

पन्नाशीत, शाळेच्या ओसरीवर कंदील लावून चालणाऱ्या वर्गात ते अक्षरं शिकले होते. सही करण्यापलीकडे त्यांना लिहिताना घरात कोणी पाहिलं नव्हतं. वही त्यांनी खांबाला टेकवली. देवेशने लिहिलेल्या ओळींवर एक आडवी रेघ मारली. तिच्याखाली ते लिहू लागले, एकेक अक्षर खडपावर पाय ठेवावा तसं आधी चाचपून. दोन ओळी लिहून होईतो निवलेल्या चहावर साय धरली होती. मग त्यांनी वही मिटली, पाटावर पालथी ठेवली आणि आपल्या जाग्यावर परत गेले.

"तुझ्या त्या बोंडाक सांग," जाळं ओढून घेत ते म्हणाले, "आंबो उजवीकडे काय डावीकडे, तां विचारूचा नाय. ह्या खेपेक लिवलंय."

दिव्याने वहीकडे हात नेला. देवेशने तिच्याआधी वहीवर तळहात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग त्याने वही उघडली, वाचली आणि तिच्यासमोर धरली. दिव्याने नकाशावर बोट फिरवलं, बेटाच्या पार मागे नेलं आणि थांबवलं.

"ठेवलंय. रंग खंयचो देव? हिरवो?"

देवेशने नानांकडे पाहिलं. नाना दोरा ओवत होते, आणि सुईचं भोक त्यांना सापडत नव्हतं.

"रंग उद्या सांगतंय," देवेश म्हणाला.