अनुवादकाची टीप

"मराठी है, हेमलता जी. शाम तक दे दीजिए," असं म्हणून अनुराग साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली आणि गेले. दिल्लीच्या सरकारी ऑफिसात अनुवादक म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली. मराठी कागद आला की हेमलता आठवते, एरवी ती कुठं बसते हेही कुणाला ठाऊक नसतं. असो.

फाइल उघडली आणि मी सरसावून बसले. कोसमटोला. पूर्व विदर्भातलं माझ्या मामाचं गाव.

या गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळून बारा वर्षं झाली. तेव्हापासून बांबू आणि तेंदूपानं गाव स्वतः विकतं. यंदा कुठल्या भागात कुऱ्हाड लावायची नाही ते ग्रामसभेत ठरतं, आणि घराघरातून पाळीनं राखण होते. हैदराबादला मजुरीला जाणारी माणसं घरी थांबली ती त्यामुळेच. आणि आता त्याच ग्रामसभेचा ठराव माझ्यासमोर होता. खाणीसाठी जंगल द्यायला गावाची हरकत नाही. एकमताने मंजूर. तीन एप्रिल, सकाळी सात वाजता, हजर दोनशे चौदा, खाली तितक्याच सह्या.

मी तारीख पुन्हा वाचली. एप्रिलच्या सुरुवातीला, सकाळी सातला? त्या दिवसांत मोहफुलं पडतात हो. पहाटे चारपासून अख्खं गाव टोपल्या घेऊन रानात असतं. उशीर केला तर गुरं खाऊन टाकतात. तेव्हा गावात मयत झालं तरी माणसं गोळा करायला रानात धावावं लागतं, आणि हे म्हणे सभा भरवून बसले होते. ज्या कुणी हा कागद लिहिला त्यानं मोहाचं झाड तरी पाहिलं होतं की नाही, देव जाणे.

जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन हरिदासदादाला फोन लावला. हा माझा मामेभाऊ, गावाच्या वनसमितीचा अध्यक्ष.

"कोणती सभा गं बाई? मोहात कोणी सभा घेते का?" तो हसला. मी सह्यांचं सांगितलं तेव्हा त्याचं हसू थांबलं. "सह्या आहेत म्हणतेस? राशनसाठी म्हणून मार्चात घेतल्या होत्या तालुक्यावरून आलेल्या लोकायनं. एक बिननंबरची गाडी फिरून ऱ्हायली इकडे. रोज येते, शाळेपाशी उभी ऱ्हायते. कोणी उतरत नाही."

"दादा, मी टीप लिहिते फाइलवर."

"माझं नाव टाकशील?"

"टाकावं लागतं. कुणी सांगितलं ते लिहिलं नाही तर टिपेला किंमत नसते."

"मंग टाक," तो म्हणाला. "लपवासारखं काय आहे त्याच्यात?"

नोकरीत माझ्या हाताला हेच वळण लागलं होतं. माहितीचा स्रोत, पूर्ण नाव, पद, संपर्क. अनुवादाखाली मी सगळं नीट मांडलं: ही सभा झालीच नसावी, याची चौकशी व्हावी. खाली हरिदासदादाचं नाव आणि मोबाइल नंबर. मला अगदी अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

अनुराग साहेबांनी टीप दोनदा वाचली. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"फोन नंबर भी लिखा है आपने," ते हसून म्हणाले. "बहुत बढ़िया." आणि फाइल त्यांनी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. तिथं ते फाइल कधी ठेवत नाहीत.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये त्या संध्याकाळी माझ्या हातून भाजी करपली. "मम्मी, यार, टेन्शन कशाला घेतेस?" शिवांगी म्हणाली. माझी मुलगी, जन्मापासून दिल्लीची. "तू बिल्कुल रुलप्रमाणे केलंस ना? मग?"

"रुलप्रमाणेच केलं," मी म्हटलं. मला तेच खुपत होतं.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन बंद लागला. तिसऱ्या दिवशीही बंद. आठव्या दिवशी ऑफिसच्या जिन्यातून लावला तेव्हा पार्वतीवहिनीनं, त्याच्या बायकोनं, उचलला.

"गाडी आली, त्यायले घेऊन गेली," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "चार दिवसांनी सोडलं. तुमच्या ऑफिसातला कागद होता गाडीवाल्यायजवळ. तुमच्या हातचा. यायचं नाव दाखवत होते."

"वहिनी, दादाला द्या ना फोन."

"ते बोलत नाहीत."

"माझ्याशी?"

"कोणाशीच नाही. आता फोन करू नका, बाई."

ती मला नेहमी हेमाताई म्हणायची. मी जिन्यातच बसले आणि रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. माझ्या या टापटिपीनं माझ्या भावाला त्यांच्या हाती दिलं होतं. मी फक्त जंगल वाचवायला बघत होते, पण ते आता कुणाला जाऊन सांगू?

सोमवारी अनुराग साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. हातात एकच कागद. "इसका भी कर दीजिए. छोटा सा है."

कागद हरिदासदादाचा होता. तीन एप्रिलला सकाळी सात वाजता सभा झाली, मी स्वतः हजर होतो. जंगल देण्यास माझी हरकत नाही. दिल्लीच्या नातेवाईक बाईंना मी फोनवर चुकीची माहिती दिली. हे मी स्वखुशीने लिहून देत आहे. अक्षर त्याचंच होतं, पण ओळी खाली घसरत गेल्या होत्या.

साहेब तिथंच उभे राहिले. "कोई टिप्पणी?" त्यांनी विचारलं.

डोक्यात दहा टिपा तयार होत्या. आणि प्रत्येक टिपेत मला त्याचंच नाव लिहावं लागणार होतं.

"नहीं, सर."

मी हिंदी करायला घेतलं. एकेक वाक्य, जसं होतं तसं. 'स्वखुशीने'पाशी हात थांबला. बराच वेळ थांबला. मग लिहिलं, स्वेच्छा से. खाली माझी सही केली, तारीख घातली आणि कागद साहेबांच्या हातात दिला.