कोपऱ्यातली माती

"सेंद्रिय कर्ब भरपूर!" विरेशनं माती तपासणीचा कागद नाचवत वाचलं. "अव्वा, ऐकलं का? आपलं रान एक नंबर निघालंय!"

इरम्मा गाईपुढं कडबा टाकत होती, ती टाकतच राहिली. गाईपुढं ढीग झाला तरी तिचा हात थांबेना.

कागद आणणारी शिवरंजनी कृषी महाविद्यालयातली. शेवटच्या वर्षाच्या अभ्यासासाठी गावात राहायला आली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिनंच पिशवी देऊन बजावलं होतं, "काकू, रानातल्या आठ ठिकाणची माती घ्या. झाडाखालची तेवढी नको."

"एवढी कसदार माती, मग अप्पाच्या भवतीचं तीन गुंठं पडीक कशाला?" विरेशला नुसता चेव चढला होता. "समाधीपुरता ओटा बांधू, बाकीचं नांगरून घेऊ. गोरोबाचा ट्रॅक्टर शेजारीच हाय." त्यानं फोन लावलासुद्धा.

इरम्मा कडबा टाकून कोपऱ्याकडं बघू लागली. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याला, पंचाक्षरीला, त्या कोपऱ्यात रीतीप्रमाणे बसवून पुरलं होतं. तेव्हापासून तिथं ना नांगर गेला, ना तणनाशक. इरम्मा रोज तिथल्या बेलाच्या झाडाला पाणी घालायची. पाला पडायचा, गवत वाढायचं, तिथंच कुजायचं. उरलेल्या रानात मात्र सोयाबीनवर सोयाबीन. भुसकट जाळायचं, फवारायचं, पुन्हा पेरायचं. बांधसुद्धा विरेशनं कोरून कोरून करंगळीएवढा केला होता.

ट्रॅक्टर धडधडत वळला. इरम्मा घरात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. शेवटी ती कोपऱ्याकडं धावलीच.

"थांबव त्याला! ती माती म्या हितली दिली. समदी हितलीच."

विरेशचं तोंड उतरलं. "का पण, अव्वा?"

"तुझ्या रानातली घेतली हुती आदी. ढेकूळ फुटंना. शिकल्यासवरल्या लोकांपुढं ते ठिवायची लाज वाटली मला. तुझ्या अप्पाच्या रानाला नावं ठेवली असती त्यांनी."

पाहुण्यांना फुटक्या कपात चहा द्यावा, तसं वाटलं होतं तिला. आता रागावतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. शिवरंजनी रागावली नाही. तिनं खोरं मागून रानात एक खड्डा घेतला, बेलाखाली एक. रानातली माती पांढुरकी, घट्ट, वास म्हणून नाही. बेलाखालची काळीभोर, त्यात मुळ्यांचं जाळं आणि वळवळणारं एक गांडूळ.

"माती एकच आहे, दादा. फरक आतल्या सूक्ष्मजीवांचा. ते पालापाचोळा खातात आणि त्यातलं सत्त्व पिकाला मिळतं. तुम्ही त्यांच्यापुढं खायला काही ठेवलंच नाही. भुसकट जाळू नका, सोयाबीनमध्ये तूर घ्या, जीवामृत घाला. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. फक्त विरजणाला मूठभर जिवंत माती लागते."

"बांधावरची घेतो की."

"बांध ठेवलाय कुठं तुम्ही?"

तिघांचीही नजर कोपऱ्याकडं गेली.

"न्हाय," इरम्मा म्हणाली. "एकदा न इचारता नेली, तेवढं बास झालं. त्यांच्या अंगावरचं पांघरूण हाय ते."

गोरोबाला विरेशनं हातानंच परत जायला खुणावलं. मग जळक्या भुसकटाच्या डागापाशी जाऊन पायानं माती उकरत उभा राहिला. त्याचा बापही पीक बुडालं की असाच गप्प उभा राहायचा. इरम्माला त्या मुक्या पाठीचा राग आला आणि दयाही आली.

दुपारभर तिला चैन पडलं नाही. तीनदा बेलापर्यंत गेली, तीनदा मागं फिरली. चार वाजता विरेशनं पिंपातल्या पाण्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवलं आणि तो नुसता बसून राहिला. माती आण, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला असता, तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

इरम्मा उठली. खुरपं घेतलं नाही. बेलाखाली बसून तिनं वरचा पाला हळूच बाजूला सारला.

"अव, ऐकताव का?" तिनं मातीवर तळहात टेकला. "सहा वर्षं एका जागी बसलाव. आता जरा रानातनं चक्कर मारून या. पोराला जमंना."

मूठ भरून ती पिंपापाशी आली. मूठ उघडायला तिला बराच वेळ लागला. माती पाण्यात गेली, तसा विरेशनं काठी घेऊन जोरात ढवळायला सुरुवात केली.

"हळू," इरम्मा म्हणाली.