कैरवानचा शुक्रवार

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता ट्युनिशियातल्या ट्युनिस शहरात बार्दो संग्रहालयाचे फाटक बंद होते. मस्कतहून आलेले प्रवासी बाहेर उन्हात उभे राहिले आणि पंधरा मिनिटांनी बसमध्ये परतले. आदल्या दिवशी, रविवारी, जुन्या बाजारातली बहुतेक दुकानेही त्यांना बंद दिसली होती. हा जून १९९८.

प्रवासी म्हणजे सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे अधिकारी आणि त्यांच्या बायका-मुली. सहल पसंत पडली, तर कारखान्याचे सगळे तिकिटांचे काम यूनुस यांच्या मस्कतमधल्या, रुवीतल्या प्रवास-कचेरीला मिळणार होते. म्हणून यूनुस स्वतः बरोबर गेले होते. ऐनवेळी त्यांनी आईलाही, खुदेजा यांना, सोबत घेतले.

कार्यक्रम आखला होता नसीबाने. ती कोकणातल्या दाभोळची, मस्कतच्या वादी कबीर भागात राहणारी, कचेरीतली एकमेव कर्मचारी. संग्रहालय सोमवारी बंद असते आणि बाजार रविवारी, हे तिला ठाऊक होते. तिने वार मुद्दाम तसे लावले.

आदल्या नोव्हेंबरात तिचे वडील बाबामियाँ रत्नागिरीच्या इस्पितळात होते. पासपोर्ट यूनुसच्या तिजोरीत. तिने तो मागितला, तेव्हा सलालाचा एक मोठा ग्रुप निघायचा होता. यूनुस म्हणाले होते, "आधी ग्रुप मार्गी लागू दे, मग बघू." पासपोर्ट मिळाला, पण नसीबा गावी पोचली तेव्हा मयत होऊन दुसरा दिवस उजाडला होता. ती परत आल्यावर वादी कबीरच्या खोलीत येऊन तिला चार घास भरवणाऱ्या एकट्या खुदेजाच होत्या.

सोमवारी दुपारी यूनुसचा फोन आला. कारखान्याचे मॅनेजर बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असे काय म्हणाले, ते त्यांनी सांगितले: बंद दरवाजे बघायचे तर मस्कतमध्ये शुक्रवारी फुकट बघता येतात.

"सोमवारी बंद असतं, तुला ठाऊक नव्हतं?"

"आपल्याकडं गुरुवार-शुक्रवार सुट्टी, यूनुसभाई. मला वाटलं, अरबांचा मुलुख, तिकडंही तसंच."

मस्कतमध्ये ही चूक कुणाकडूनही झाली असती. यूनुसना पटले. मग त्यांनी आवाज खाली आणला. कार्यक्रमात शुक्रवारी एल जेमचे रोमन अँफिथिएटर होते, शनिवारी कैरवान. गावी बायकांनी मशिदीत जायची रीत नाही. कैरवानच्या मोठ्या मशिदीत बायकांना वेगळी जागा आहे, हे अम्माने कुणाकडून तरी ऐकले होते. आयुष्यात एक जुम्मा, शुक्रवारची नमाज, मशिदीत पढायचा, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. दोन दिवसांची अदलाबदल करायची, बस.

ही अदलाबदल तिथल्या तिथे होण्यासारखी नव्हती. एका गाइडने पूर्वी परस्पर रस्ता बदलून प्रवाशांना आपल्या भावाच्या गालिच्याच्या दुकानात नेले होते. तेव्हापासून मस्कतच्या कचेरीचा शिक्का असलेल्या फॅक्सशिवाय काहीही बदलू नये, असा यूनुसनीच नियम घातला होता. बस आणि गाइड पुरवणारी ट्युनिसची कंपनी तो काटेकोर पाळत होती, यूनुस स्वतः समोर असतानाही. शिक्का नसीबाच्या खणात होता.

"आधी ग्रुप मार्गी लागू दे," नसीबा म्हणाली, "मग बघू."

मग यूनुसनी फोन ठेवला.

बुधवारी खुदेजांनी स्वतः फोन केला. समुद्र बघितला, निळी दारे बघितली, जेवणात तिखट आपल्यासारखेच आहे, असे सांगत राहिल्या. फॅक्सचा विषय त्यांनी काढला नाही. शेवटी म्हणाल्या, "जुम्म्याला तुझ्या बाबासाठी दुवा मागेन गो तिथं."

नसीबाने त्याच दुपारी बदलाचा कागद टाइप केला. शिक्का मारला नाही. गुरुवारीही मारला नाही. त्या दिवशी यूनुसचे दोन फोन आले. दोन्हींना तिने इन्शाल्ला म्हटले.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी होती. नसीबा सकाळी आली, कुलूप काढले, शिक्का मारला आणि फॅक्स पाठवला. आता तो वेळेवर पोचेल की नाही, हे तिने पाहायचे नव्हते. पासपोर्टही असाच मिळाला होता.

मग प्रवासी उतरले होते त्या सूस शहरातल्या हॉटेलला तिने फोन लावला. बस नुकतीच निघाली होती. पांढरी ओढणी घेतलेली म्हातारी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती, एवढे तिथल्या माणसाने पाहिले होते. कुठला कार्यक्रम घेऊन बस निघाली, ते त्याला माहीत नव्हते. हॉटेलपुढच्या रस्त्याला पुढे एक फाटा आहे, म्हणाला. डावीकडे एल जेम, उजवीकडे कैरवान.