बूच मारलेली नळी

सूनबाईवर आळ आला तेव्हा मी तिथंच होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून.

मी फिटर, तीस वर्षं याच कारखान्यात. ती कंट्रोल रूममध्ये. आमच्या एक्स्चेंजरमध्ये नऊशे नळ्या. आतून गरम तेल वाहतं, बाहेरून पाणी उकळत वर चढतं. नुसतं पाणी शहाणं, नुसती वाफही शहाणी. दोघं एकत्र आली की धक्के मारत जातात आणि नळ्या थरथरतात. त्यातल्या चार फुटल्या. साहेब म्हणाले, "कंट्रोल रूमनं पाणी जास्त सोडलं, दुसरं काय?" तिची नोकरी जायची वेळ आली.

फुटलेल्या नळ्या मीच बाहेर काढल्या. चारही एकेका बाजूनं घासलेल्या, आणि त्यांच्या मधली पाचवी कमरेत तुटलेली. ती गेल्या वर्षी गळायला लागली म्हणून मीच तिला दोन्ही टोकांना बूच मारलं होतं. बुचानं आतलं तेल थांबतं. बाहेरचं उकळतं पाणी थोडंच थांबतं? म्हणून अशा नळीत आधी सळई सरकवायची, म्हणजे तुटली तरी शेजारणींना बडवत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. त्या दिवशी स्टोअरमध्ये सळई नव्हती. म्हटलं, चालतंय.

निवृत्तीला महिना राहिलेला. आठ दिवस गप्प बसलो. घरी ती ताटावरून अर्धपोटी उठायची आणि मी पेपर वाचायचो. कसला वाचतोय, एक ओळ डोक्यात शिरेल तर शपथ. स्वतःची लाज वाटत होती.

नवव्या दिवशी तिला चौकशीला बोलावलं. तिच्याआधी मीच आत घुसलो आणि तुटकी नळी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "बूच माझं. सळई घातली नाही, तोही मीच. पोरीचा काही संबंध नाही."

साहेबांनी कागदावरचं तिचं नाव खोडून माझं लिहिलं.

घरी जाताना ती शेजारून चालत होती. मी म्हणालो, "आधीच बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

"मी पहिल्याच दिवशी नोंदवही बघितली होती, बाबा. बूच मारल्याची नोंद आहे, सळईची नाही. खाली तुमची सही."

माझं डोकंच फिरलं. "मग बोलली का नाहीस? नोकरी गेली असती की तुझी."

"तुम्ही स्वतःहून सांगता का, ते बघत होते."

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "काल आशा सोडली होती."